पारोशी निहू

टक्.

भर दुपारी, सगळं घर निपचित पडलेलं असताना हा आवाज आला आणि मी खुर्चीतून उडालेच. आमच्या घरात असा आवाज एकच वस्तू करते: सासूबाईंच्या गुलाबी लोशनच्या बाटलीचं झाकण.

"आई, नको!" मी ओरडले.

समोरच्या पडद्यावरचे सगळे जण दचकले. मीटिंग चालू होती आणि माझा माइक उघडा होता. आमच्या साहेबांनी नुकताच कसलासा प्रस्ताव मांडला होता. "नको तर नको," ते जरा लागल्यासारखे म्हणाले, "पण मला आई कशाला म्हणायचं?"

मी कॅमेऱ्यावर रुमाल टाकून आतल्या खोलीत धावले. निहू, म्हणजे माझी साडेचार वर्षांची निहिरा, पंख्याखाली पालथी झोपली होती. कपाटाच्या उघड्या दाराआड सासूबाई बाटली ओढणीत लपवत होत्या.

"तिला नाही गं. माझ्याच हाताला लावत होते."

"तुमच्या हाताला पण चालत नाही आई. मुल्ला डॉक्टरांनी काय सांगितलंय? शनिवारपर्यंत घरात कुणीच काही लावायचं नाही."

"मग माझे हात फुटू देत?"

"तीन दिवसांत कुणाचे हात फुटत नाहीत."

"माझ्या वयाची हो, मग सांगेन," त्या म्हणाल्या आणि बाटली इतक्या हळुवारपणे कपाटात ठेवली, जणू तिलाच ताप आला होता.

सगळ्याला कारण निहूचं पुरळ. दोन महिन्यांपूर्वी उठलं ते जाईचना. कपाळाच्या मधोमध एक चट्टा, डाव्या गालावर एक आणि सगळ्यात विचित्र म्हणजे उजव्या तळहातावर एक. बारीक लाल पुरळ, खाज इतकी की पोर शाळेत तळहात बाकाच्या कडेवर घासत बसायची. सांगलीतल्या तीन डॉक्टरांनी तीन मलमं दिली. प्रत्येक मलमानं जरा बरं वाटायचं आणि आठवड्याभरात चट्टे पुन्हा ठरलेल्या जागी हजर.

घरात ह्यावरून दोन पक्ष पडले. सासूबाईंची पिढी कंपनीच्या सीलबंद बाटलीवर डोळे मिटून विश्वास ठेवणारी. लहानपणापासून त्यांनी जाहिरातीतली गोरी गुबगुबीत बाळं बघितलेली, त्यामुळे गुलाबी लोशन म्हणजे माया अशी त्यांची पक्की समजूत. आमची पिढी उलटी. आम्हाला डब्यावर पान, फूल किंवा मधमाशी दिसल्याशिवाय वस्तू खरेदी करवत नाही. "त्या लोशनमध्ये काय काय असतं ते वाचलंत का?" मी म्हणायचे. "वाचायला ते काय पुस्तक आहे?" त्या म्हणायच्या. आणि एका संध्याकाळी निहू रडून रडून झोपली तेव्हा मी बोलून गेले, "त्या लोशनचंच निघालं ना आई, तर मी निहूला पाळणाघरात घालणार. स्पष्ट सांगते."

सासूबाईंनी गॅसवरचं दूध उतरवलं आणि गॅसकडे बघत राहिल्या.

मग माझ्या नवऱ्याला, तेजसला, मिरजेच्या मुल्ला डॉक्टरांचा पत्ता लागला. त्वचेच्या डॉक्टर, आणि त्यांच्याकडे ते नवीन यंत्र होतं, स्पर्शपट.

त्यामागचं विज्ञान तसं साधं आहे. प्रत्येकाच्या हातावर त्याचे त्याचे जिवाणू राहतात, त्याचं त्याचं तेल पाझरतं. ही मिसळण दोन माणसांची कधी सारखी नसते, जुळ्या भावांचीही नाही. आपण कुणाला हात लावला की त्यातलं थोडं तिथंच राहतं. आमच्या सांगलीत हळदीच्या गोदामात काम करणारा माणूस घरी आला की दारापासून न्हाणीपर्यंत तो कुठं कुठं टेकला ते दिसतं. बाकीच्यांचंही तसंच असतं. फक्त आपली हळद डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला दिसते. अंगावर ओलसर पातळ कागद दाबून उचलायचे, यंत्रात सरकवायचे. घरातल्या सगळ्यांच्या तळहातांचे आणि ओठांचे नमुने आधीच देऊन ठेवायचे. यंत्र ताडून बघतं आणि मुलाच्या अंगाचा नकाशा रंगवून देतं. ज्याचा स्पर्श, त्याचा रंग. आणि त्या स्पर्शाबरोबर काय आलं, साबण, अत्तर की डाळीचं पीठ, तेही वेगळं काढून दाखवतं. कारण ज्या वस्तूनं पोराला पुरळ येतं ती पोराला कुणी लावलेलीच नसते बरेचदा. ती दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगावरून चालत आलेली असते.

ह्यासाठी तयारी एवढीच. तीन दिवस मुलाला आंघोळ नाही. तेल, पावडर, क्रीम कुणालाच नाही. आणि डॉक्टर फोनवर शेवटी म्हणाल्या, "बाकी सगळे अगदी नेहमीसारखे वागा."

आंघोळ नाही म्हटल्यावर सासूबाई मटकन सोफ्यावर बसल्या.

"पारोशी? पोरीला पारोशी न्यायचं दवाखान्यात?"

"त्यांनीच सांगितलंय."

"त्या सांगतील गं. पण त्यांना काय वाटेल? ह्यांच्याकडे नळाला पाणी येत नाही? अगं, बाळंतीणसुद्धा न्हाऊन जाते डॉक्टरकडे."

सासरे, ज्यांना निहू आबा म्हणते, पेपर खाली न घेता म्हणाले, "मशीनला वास येत नाही." ते आयुष्यभर हायस्कूलमध्ये गणित शिकवत होते आणि आजही प्रत्येक गोष्ट सिद्धता मांडल्यासारखी बोलतात. नमुन्याच्या पट्ट्या आल्या तेव्हा मात्र त्यांनी हात पुढे केला नाही. "माझा नमुना कशाला? मी पोरांना चिवडत नाही. मी लांबून समजावतो."

"दे रे त्यांचा पण," सासूबाई तेजसला म्हणाल्या. "लांबून समजावण्याचा पण काहीतरी रंग असेल."

आता मनातलं सांगते. मला लोशनवाल्या हाताचा रंग बघायचा होताच. पण पट्ट्या परत पाठवल्या त्या रात्रीपासून मला दुसऱ्याच भीतीनं घेरलं. त्या नकाशात माझा रंग किती असेल? सकाळी निहूला उठवतात आजी. वेणी घालतात आजी, भरवतात आजी, शाळेतून आणतात आजी. मी त्याच घरात, त्याच भिंतीपलीकडे, पडद्यासमोर. दोन मीटिंगांच्या मध्ये धावत बाहेर येऊन तिला भेटून जाते, पाहुणी आल्यासारखी. डॉक्टर भिंतीवर ते चित्र लावणार, सगळ्यांसमोर, आणि त्यात आईचा रंग शोधावा लागणार.

मी सरळ रजा टाकली.

आणि सुरू केलं. निहूला उचलून घे. निहूच्या पाठीवरून हात फिरव. निहूचे पाय चेप. ती खेळत असली तरी मी मागून दंड कुरवाळत बसलेली. मस्टरवर राहिलेल्या सगळ्या सह्या एकदम कराव्यात तसं चाललं होतं माझं.

"आई," दुसऱ्या दिवशी निहू कंटाळून म्हणाली, "तू मला कणकेसारखं का मळतेयस?"

तेजसनं हे ऐकलं आणि त्यालाही घाई झाली. कामावर जाताना तो तिला खांद्यावर बसवून सगळ्या खोल्यांतून फिरवून आणू लागला, वर दाढी घासायला लागला. "बाबाचा पण रंग यायला पाहिजे की!"

"मला कुणीपण हात लावू नका!" निहूनं जाहीर केलं आणि जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसली.

तिथून तिला आजींनी बोलावलं नाही. एरवी सगळ्यात आधी वाकून त्यांनीच हात पुढे केला असता. त्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात काखेत घालून.

मग मला एकेक दिसू लागलं. भरवताना चमचा लांबून. गोष्ट सांगायची तर सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसून. निहू शाळेतून आली की नेहमीसारखी धावत जायची, "आजी, उचल!", आणि त्या हात पाठीमागे बांधून म्हणायच्या, "आजीची कंबर धरलीय गं राणी." वेणीसुद्धा त्यांनी तेजसला घालायला लावली. ती कुठल्या बाजूनं वेणी आहे हे शाळेत कुणालाच ओळखता आलं नाही.

"आजीचे हात आजारी आहेत का?" निहूनं मला विचारलं.

मी म्हटलं, "नाही गं, त्या दमल्यात." पण मला कळलं होतं. मी सह्या वाढवत होते आणि त्या आपलं नाव खोडत होत्या.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. त्या भेंडी चिरत होत्या.

"आई, डॉक्टर म्हणाल्या नेहमीसारखं वागा."

"तुला सोपं आहे," त्या म्हणाल्या. भेंडीवरून नजर न उचलता. "माझ्या हाताचं निघालं तर पोर जाईल. मग तीन दिवस हात न लावलेलं काय वाईट? सवय होईल."

कुकरची शिट्टी झाली. मी खरं तर तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं, की नाही जाणार पोर, मी रागात बोलले होते. पण माझ्या आतला एक हट्टी कोपरा अजून निकालाची वाट बघत होता. मी गॅस बारीक केला आणि दुसऱ्या शिट्टीची वाट बघितली.

शनिवार उजाडला. आम्ही सगळेच निघालो, आबासुद्धा. "निकाल प्रत्यक्ष बघितलेला बरा," ते म्हणाले. सासूबाईंनी निहूला इस्त्रीचा फ्रॉक घातला, नवे मोजे घातले, केसांना पाण्याचा थेंबही न लावता कंगवा फिरवला आणि दारात उभं राहून तिला अशा नजरेनं बघितलं की जणू आम्ही तिला चिखलातून काढून लग्नाला नेत होतो. "सांगशील ना त्यांना आधी," त्यांनी तेजसला दोनदा बजावलं, "की रोज घालतो आंघोळ म्हणून?"

रिक्षा मिरजेच्या रस्त्याला लागेपर्यंत त्या हेच म्हणत होत्या.

मुल्ला डॉक्टर तरुण, गोल चेहऱ्याच्या आणि भयंकर घाईत बोलणाऱ्या होत्या. "या या, कोण पारोशी बाई आल्यात बघू!" त्यांनी निहूला टेबलावर बसवलं. सासूबाईंचा जीव भांड्यात पडला आणि परत निघालाही, कारण डॉक्टर लगेच निहूच्या कानामागं वाकून बघू लागल्या.

"काजळ कुणी लावलं?"

सासूबाई खिडकीतून बाहेर बघायला लागल्या. समोर फक्त भिंत होती.

"आई!" मी म्हटलं.

"तीट आहे ती. एवढीशी. परक्या ठिकाणी पोर न्यायची, वर पारोशी, दृष्ट लागायला वेळ लागतो होय? आणि हातानं नाही लावली मी. काडीनं लावलीय."

डॉक्टर हसायला लागल्या. "असू दे काकू. सुरुवातीला यंत्र अडायचं हो. काळा अनोळखी पदार्थ, काळा अनोळखी पदार्थ म्हणून ओरडायचं. आता आम्ही त्याला शिकवलंय. कानामागं काळा ठिपका दिसला की ते आपोआप लिहितं: घरात आजी आहे."

कागद दाबून उचलले. यंत्र थोडा वेळ गुणगुणलं. निहूनं विचारलं, "ह्याला भूक लागलीय का?" आणि भिंतीवर तिची आकृती उमटली, पुढून आणि पाठीमागून, दोन निहू शेजारी शेजारी उभ्या केल्यासारख्या.

माझा रंग जांभळा होता. शोधावा लागला नाही. निहू अख्खी जांभळी होती. दंड, पाय, पोटऱ्या, मान, जांभळ्यावर जांभळं.

"बापरे," डॉक्टर म्हणाल्या. "ही मुलगी आहे की जांभळाचा लाडू? रोज एवढं वळता तिला?"

मी काहीतरी पुटपुटले. खांद्यांवर आणि गुडघ्यांपाशी तेजसचा हिरवा होता, हनुवटीला दाढीचे हिरवे ओरखडे. आणि पाठीच्या आकृतीवर, दोन्ही खांद्यांच्या बरोबर मध्ये, एक ठसठशीत निळा पट्टा.

"हे कोण?"

आम्ही सगळे आबांकडे वळलो.

"पाढे," आबा घसा खाकरत म्हणाले.

"काय?"

"एक पाढा बिनचूक म्हटला की एक मिनिट पाठ खाजवून द्यायची, असं आमच्यात ठरलंय," निहूनं ताबडतोब सांगून टाकलं. "दुपारी आजी झोपली की. सातचा चालू आहे."

"लांबून समजावतात म्हणे," सासूबाई म्हणाल्या.

पण डॉक्टर हसत नव्हत्या. त्या केशरी रंगाकडे बघत होत्या. केशरी म्हणजे आजी. भांगापाशी फिकट, तळपायाला फिकट, बाकी जवळजवळ नाहीच.

"काकू, दिवसभर मुलीला तुम्ही सांभाळता ना? इथं लिहिलंय."

"हो."

"मग तुम्ही आहात कुठं? एवढी पुसट आजी मी आजवर पाहिली नाही." त्यांनी आम्हाला एकेकाला निरखलं. "तुमच्यात ह्या आजोबांशिवाय कुणीच नेहमीसारखं वागलेलं नाही."

सासूबाईंनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मला वाटलं जमिनीनं मला पोटात घ्यावं. भिंतीवर मी हवी तेवढी होते, हवी त्याहून जास्त होते, आणि ते चित्र सपशेल खोटं होतं. कुणीही सांगितलं असतं की ह्या पोरीच्या भांगातला खरा रंग कुणाचा.

"बरं, असू दे," डॉक्टर म्हणाल्या. "आता माणसं बाजूला काढू आणि फक्त वस्तू बघू."

त्यांनी एक कळ दाबली. केशरी गेला, हिरवा गेला, निळा पट्टा गेला, माझा सगळा जांभळा लाडू विरघळला. उरले तीन झगझगीत ठिपके. कपाळाच्या मधोमध. डाव्या गालावर. उजव्या तळहातात.

"लोशन?" मी विचारलं.

"छे. लोशनचा कणही नाही तिथं." डॉक्टरांनी खालची अक्षरं वाचली. "मधमाश्या पोळ्याच्या फटी बुजवतात ना, तो डिंक. काहींना तो अजिबात सोसत नाही. आणि आलाय... जांभळ्यावरून. म्हणजे तुमच्याकडून. हाताचा नमुना जुळत नाही, ओठांचा जुळतोय. ओठांना काय लावता?"

मी पर्समधून डबी काढली. तिच्यावर एक गोंडस मधमाशी होती आणि खाली लिहिलं होतं: शंभर टक्के नैसर्गिक. म्हणूनच तीन दिवसांच्या क्रीमबंदीत ती मोजावी हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

मला आता सगळं दिसत होतं. दोन मीटिंगांच्या मध्ये मी धावत बाहेर येते. निहू दारात उभी असते. एक पापा कपाळावर, एक डाव्या गालावर, आणि एक तळहातात. तळहातातला राखून ठेवायचा असतो. ती लगेच मूठ मिटते, म्हणजे तो उडून जाणार नाही, आणि पुढच्या मीटिंगपर्यंत तशीच मूठ मिटून हिंडते. बंद मुठीत, तासन् तास, माझा डिंक.

मी नकाशात दिसणार नाही म्हणून घाबरले होते. मी तीन लाल चट्ट्यांनी दोन महिने तिच्या अंगावर सही करत होते.

सासूबाईंनी माझ्या हातातून डबी घेतली. चष्मा लावला. मधमाशी बघितली, मागची बारीक अक्षरं सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मी मान खाली घालून उभी राहिले. जे ऐकायला लागणार होतं ते मी कमावलेलं होतं.

"मग काय गं ऋजुता," त्या म्हणाल्या, "आता आईलाच पाळणाघरात ठेवायचं का?"

तेजसला हसू आवरेना. मुल्ला डॉक्टरांना गोष्ट माहीत नव्हती, तरी त्या हसल्या. मला हसायचं होतं पण डोळ्यांतून भलतंच आलं. "आई, चुकलं माझं," मी म्हटलं. "कुठं जात नाही निहू."

"तुला जायचं असेल तर बघ. दुपारी झोपवतात म्हणे छान," त्या म्हणाल्या, आणि निहूला टेबलावरून उचलून कडेवर घेतलं, दोन्ही हातांनी, घट्ट. त्यांची कंबर एकदम बरी झाली होती.

डबी डॉक्टरांच्या कचऱ्याच्या टोपलीत गेली. एक मलम मिळालं. "आणि घरी जाऊन पहिलं काम," डॉक्टर म्हणाल्या, "आंघोळ."

हे वाक्य ऐकायला सासूबाई तीन दिवस थांबल्या होत्या. घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी त्यांनी गीझर लावला. बादली भरली, पाट मांडला, पाण्यात कोपर बुडवून बघितलं. गुलाबी बाटली त्यांनी कपाटातून आणली, माझ्याकडे बघितलं, आणि मीच झाकण उघडून दिलं. टक्. "आंघोळीनंतर लावा," मी म्हटलं.

निहू मात्र न्हाणीच्या दारात अडून उभी राहिली. टॉवेल गुंडाळलेला, उजवी मूठ मिटलेली.

"ये गं राणी," सासूबाईंनी तांब्या बुडवला. "पाणी गार होतंय."

"ह्यानं रंग जाणार?"

"कसले रंग?"

"भिंतीवरचे. आजीचा, आबांचा, बाबाचा. आईचा जांभळा."

"जातील की. मळ आणि सगळंच जाईल. स्वच्छ होशील."

निहूनं बादलीकडे बघितलं. मग आजींकडे, मग माझ्याकडे. सासूबाईंच्या हातातला भरलेला तांब्या वरच थांबला होता आणि त्याच्या काठावरून एकेक थेंब बादलीत पडत होता.

"आई," ती म्हणाली, "मग आंघोळ झाली की मी कुणाची?"